कमरेवर हात न ठेवल्याबद्दल

तुमसर,
शुक्रवार, दि. ३ ऑगस्ट १९७९

तीर्थस्वरूप मारोतमामाजी यांस,

भोजराजचा शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सध्या उजवा हात तेवढा चालतो, त्यानेच लिहीत आहे. बाकीच्या सात अंगांचा नमस्कार मागाहून पोचता करीन.) इकडे सर्व खुशाल आहे, असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहिले. मामीजींचा गुडघा कसा आहे? हे मी दर पत्रात विचारतो, पण आजवर नुसते विचारत होतो. गुडघा म्हणजे काय, ते मला परवापासून कळले आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की माझी सोयरीक पवनीकडच्या पुंडलिकरावांच्या रुखमिणीशी बोलण्यात आहे आणि येत्या रविवारी ते चार वडीलधारी माणसे घेऊन आमचे घर पाहायला येणार आहेत. बुधवारी आईने मला त्यांच्या गावी पाठवले, त्यांच्याशिवाय चारच माणसे जेवायला आहेत की आणखी कोणी, ते विचारून ये म्हणून. निघण्यापूर्वी आमच्या राईस मिलमधल्या गोपीचंदने (तो पोती शिवतो, मी गेटपास लिहितो) मला बाजूला घेऊन सांगितले की तिकडचे लोक मुलाचे तोंड पाहत नाहीत, पाठ पाहतात. कोणा एकाने म्हणे धान रोवताना चिखलाच्या बांधीत उभे राहून कमरेवर हात ठेवला, आणि संध्याकाळी त्याची सोयरीक मोडली. गोपीचंदला हे कसे कळले, हे मी विचारायला हवे होते. विचारले नाही.

गावात पोचलो तर घराला कडी. रोवणीचे दिवस, सगळे शेतात. मी दोन बांध्यांमधल्या धुऱ्याच्या अरुंद वाटेवरून सांभाळून चालत गेलो, तोच रोवणाऱ्या बायांनी माझ्या पायांभोवती धानाची रोपे रोवून मला अडवले. पुढारी होत्या शकुनबाई, म्हणजे रुखमिणीची आत्या. म्हणाल्या, "पाहुणे, कोरड्या पायानं धुऱ्यावर उभं नाही राहात जी. एक मूठ रोवा, मंग खुशाल जा."

एक मूठ! मामाजी, तुम्हीच विचार करा, एवढ्या स्वस्तात कोणी जावई पारखतो का? मी ओळखले की हीच ती परीक्षा. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला (दोन्ही पायांवर सारख्याच घड्या) आणि उतरलो. एक मूठ झाली. बाया हसल्या, म्हणाल्या, झालं. त्या हसण्याचा मला संशय आला. मी दुसरी मूठ घेतली.

तेवढ्यात पुंडलिकराव स्वतः धोतर खोचून माझ्या शेजारी येऊन रोवू लागले. म्हणजे परीक्षक जवळ आले! थोड्या वेळाने म्हणाले, "पाहुणे, झालं जी आता, वर चला. चहा थंडा होऊन राहिला." मी मनात म्हटले, हाच सापळा आहे. जेवणाच्या वेळी म्हणाले, "बापू, पोटाले काही खा तं." मी म्हटले, नको, आमच्या घरात कामाच्या मध्ये खात नाहीत. (हे खोटे आहे. आईला सांगू नये.) दुपारनंतर त्यांचा आवाज बदलला. अगदी रडवेले होऊन म्हणाले, "बापू, आता खरंच वर चला ना जी!" माणूस इतके चांगले सोंग करू शकतो, हे पाहून मी थक्क झालो आणि वेग वाढवला. दिवसभरात मी एकदाही पाठ सरळ केली नाही. कमरेवर हात तर नाहीच.

रोवणी मागे मागे सरकत करायची असते, त्यामुळे रोवलेले तेवढे दिसते, पाठीमागचे काही दिसत नाही. मधला धुरा पावसाने वाहून गेला होता. दिवस कलला तेव्हा लांबून रुखमिणीचा आवाज आला, "आते, सांग ना त्याइले, आपली बांधी कवाचीच सरली. हे तं बाजूवाल्याची होय!" बाजूवाला धुऱ्यावर बसून बिडी ओढत होता. त्याने मला रामराम केला आणि विचारले, उद्या येता का जी?

मी ताठ चालत रस्त्याच्या वळणापर्यंत गेलो. वळणापलीकडे पळसाखाली जो बसलो तो बसची वेळ होईपर्यंत उठता आले नाही.

गुरुवारी दुखले ते काहीच नव्हते. आज शुक्रवारी मांड्या दुसऱ्या कोणाच्या तरी आहेत आणि तो माणूस माझ्यावर रागावलेला आहे. आई गरम मिठाची पोटली घेऊन मागे लागली आहे. बाबा म्हणतात, निजून राहू नको, हळूहळू चाल. गोपीचंद म्हणतो, आणखी एक बांधी रोव म्हणजे उतरेल. कंपाउंडरने पाय दाबून पाहिले आणि सांगितले की सवय नसताना राबले की असेच होते, गरम पाण्याने अंघोळ कर, थोडा चाल, तीन-चार दिवसांत जाईल. सुई दिली नाही. ज्या दुखण्याला सुई नाही ते एक तर दुखणेच नसते, नाही तर फार पुढे गेलेले असते. त्याने मला कोणते ते सांगितले नाही.

आणि आज सकाळी पवनीकडून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरने एक बाटली आणून दिली. फडक्यात बांधलेली, नाव नाही, गाव नाही. आत टोळीचे तेल, मोहाच्या बियांचे, त्यात लसूण आणि ओवा जाळलेला. आणि बाटली अर्धीच! उरलेली अर्धी कोणी वापरली, कोणावर वापरली, आणि तो आता कसा आहे? शिवाय मी वळणापर्यंत ताठ गेलो असताना पवनीकडे हे कळले कसे? म्हणजे सोयरीक मोडली आणि हा निरोप आहे. किंवा परीक्षा अजून चालू आहे. तेल लावले तर रविवारपर्यंत वास जाणार नाही, आणि पाहुणे दारातूनच ओळखतील की पोरगा एका दिवसात मोडला. नाही लावले तर वाकता येणार नाही. त्यांच्याकडचे पाच आणि आपल्याकडचे सहा, असे अकरा वडीलधारे होतात. अकरा वेळा पाया पडायचे आहे, मामाजी. सकाळी खाटेच्या पायाला नमस्कार करून पाहिला. खाली गेलो. आईने उचलले.

मुलगी मला पसंत आहे. तिचा मी फक्त आवाज ऐकला आहे, पण त्या पूर्ण दिवसात खरे बोललेले ते एकच माणूस, असे आता वाटते.

मामीजींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक भाचा,
भोजराज

ता. क. तुमच्या ओसरीवर खाणीच्या लिलावातून घेतलेला उंच बाक आहे. तो तुमच्याकडून इकडे येणाऱ्या मँगनीजच्या ट्रकवर टाकून रविवारी सकाळी तुम्ही स्वतः घेऊन यावे. वडीलधाऱ्यांना त्यावर बसवले की त्यांचे पाय अधांतरी राहतील आणि माझ्या हाताला लागतील. पत्र लिहिण्याचे खरे कारण एवढेच आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी बाटलीचे फडके झटकले (आत काही टोचणारे असेल म्हणून), तर गाठीत चिठ्ठी निघाली. रुखमिणीची आहे. लिहिते की पहिल्या रोवणीला सगळ्यांचेच असे होते, कोमट करून लावावे, जोराने चोळू नये. पाहुणा बांधीत असेपर्यंत घरधन्याने वर यायचे नसते, म्हणून तिचे बाबाही दिवसभर वर आले नाहीत. आता भिंत धरून चालतात. अर्धी बाटली त्यांना लागली. रविवारी आमच्या घरी खाली बसले तर उठता येईल का, आणि लोक काय म्हणतील, या काळजीने ते कालपासून जेवले नाहीत.

तेल लावले आहे. वास येतो. येऊ दे, दोघांचा सारखाच येईल. बाक मात्र विसरू नका, आणि थोडा लांब पाहून आणा. पुंडलिकरावांच्या शेजारी मलाही बसावे लागेल.