वाणातली किल्ली

७ जून, रविवार

गेले एकदाचे! कंबर मोडून पडली आहे, आणि वरून बोलणीही मीच खाल्ली.

अधिक महिना म्हणजे या घरात जावयाचा उत्सव. आठवडाभर अनारशांचं पीठ सांभाळा, सकाळपासून पुरण शिजवा, धोंडे तळा — कशासाठी, तर माझ्या नणंदेचे, आरतीताईंचे यजमान, अमरावतीचे प्राध्यापक शुभंकरराव, अकोल्याला जेवायला येणार. जावई म्हणजे अधिकातला नारायण! नारायण आले आणि पाणी प्यायच्या आधी गच्चीवरच्या खोलीत गेले. सोबत बंडू. (माझा नवरा. चारचौघांत 'अहो'. इथे बंडूच.) थोड्या वेळाने वरून हाक — "स्टीलचे गिलास पाठव वं!" आमच्याकडे काचेचे मागितले तर पाणी, स्टीलचे मागितले तर ते. बाहेरून दिसत नाही एवढीच सोय. खाली देवापुढे महिनाभर तेवणारा तुपाचा दिवा, वर ही बैठक. ग्लास मीच पाठवले. शेंगदाणेही मीच तळून दिले.

जेवायला बसताना पाटावर त्यांचा तोल गेला. बाबा — माझे सासरे — हसले. "उनाचं हाये, उनाचं!" मग सासूबाईंनी परातीत जावयाचे पाय धुतले, पदराने पुसले. साठी उलटलेली बाई, गुडघा धरून वाकलेली, आणि समोरून भपकारा येतोय! मला शिसारी आली.

बंडूला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठून म्हटलं, यांना आज गाडी चालवू देऊ नका, मुक्काम करू द्या. म्हणाला, "तू काहून मधात पडून राहिली? त्यायले सवय हाये." सवय! मग मी फ्रिजवर पडलेली त्यांची किल्ली उचलली आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसली.

निघायच्या वेळी ही शोधाशोध! दिवाणावरच्या गाद्यासुद्धा उचलल्या. जावई तापले — "उद्या माझी परीक्षेची ड्यूटी आहे. मला काय कोंडून ठेवता इथं? पुन्हा या दारात पाय नाही ठेवणार!" बाबांचं तोंड एवढंसं झालं. सासूबाई सरळ माझ्यापाशी आल्या.

"काढ."

"आई, ते प्यालेले आहेत."

"मले नाक नाई काय? पन आज ते जवाई हायेत. धोंड्याच्या दिवशी जवाई रुसून गेला तं आरतीले जनमभर ऐकून घ्या लागन. काढ!"

काढली. त्यांनी ती पदराला पुसली, वाणाच्या ताटात अनारशांवर ठेवली, तिला हळदकुंकू लावलं आणि बाहेर जाऊन म्हणाल्या, "पाहा बाप्पा! वाणातच होती किल्ली!" किल्ली कुणी लपवली ते सगळ्यांना कळलं होतं, तरी सगळे हसले. कुणाचाच अपमान झाला नाही. जावई कुंकू लागलेली किल्ली बोटात फिरवत गाडीत बसले, शेजारी आरतीताई.

माझ्याशी मात्र बंडू बोलत नाही. राहू दे. भांडी पडली आहेत.

८ जून, सोमवार

काल भांडी घासत असतानाच फोन आला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांनी एका मोटारसायकलला उडवलं. मागे बसलेली बाई तिथेच गेली. चालवणारा तिचा मुलगा — त्याचा पाय चेचला आहे. आरतीताईंचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्यांना इथे अकोल्यालाच आणलंय.

जावई सापडत नाहीत. गाडी तिथेच सोडून निघून गेले.

सासूबाई देवघरासमोर बसून आहेत.

९ जून, मंगळवार

दिवसभर दवाखान्यात ताईंजवळ होते. त्या हळू आवाजात सांगत होत्या — "वहिनी, मी म्हनलं त्यायले, अहो थांबा, ती बाई हात हालवून राहिली. त्यायनं मांगं पाह्यलं बी नाई. वावरात उतरले अन् गेले."

बायकोलाही सोडून! गावातल्या बायांनी ताईंना गाडीतून काढलं, झाडाखाली निजवलं, पाणी पाजलं. त्यांच्याच गावची बाई बाजूला लुगड्याने झाकून ठेवलेली, आणि या तिला मारणाऱ्याच्या बायकोला वारा घालत होत्या. एकीने विचारलं, "गाडी कोन चालवत होतं वं माय?" ताईंनी डोळे मिटून घेतले. "मी बेसुद असल्याचं दाखवलं, वहिनी." हे सांगताना त्या रडल्या. मीही रडले, पण राग काही जाईना.

जावई आज ठाण्यात हजर झाले. वकील बरोबर, दाढी घोटलेली, इस्त्रीचा शर्ट! इतक्या वेळानंतर रक्तात काय डोंबल सापडणार? एवढं सुचायला शुद्ध होती. थांबायला नव्हती! जामीनही लगेच मिळाला.

१० जून, बुधवार

पेपरात तिचं नाव आलं. बेबीताई. अंगणवाडीत मदतनीस होत्या. मुलगा गोपाल. आमच्या नारायणाचं नाव नाही, 'कारचालक' एवढंच.

११ जून, गुरुवार

बाया भेटायला येऊन राहिल्यात. शेजारच्या शैलाकाकू पदर डोळ्याला लावून — "बिचाऱ्या जवायाची साडेसाती पाहा वं! धोंड्याच्याच दिवशी!" बिचारा जावई. त्या गावात कोण बसायला जातं कुणास ठाऊक.

न राहवून बंडूला विचारलं, पाजली कुणी? उसळला. "मी काय त्याच्या नरड्यात ओतली? लहान हाये काय तो?" जावई वकिलाला सांगतात म्हणे, बंडूनेच फार आग्रह केला. बाबा म्हणतात रस्ताच वाईट आहे, मधेच वळण. ताई म्हणतात नशीब. म्हणजे चूक रस्त्याची, नशिबाची, फार तर बाटलीची! माणसाची नाहीच कुणाच्या.

आणि सासूबाई तर काहीच म्हणत नाहीत. हे एक बरं असतं. गप्प बसलं की लोक दया करतात.

१२ जून, शुक्रवार

पेरणीचे दिवस, बंडूचं कृषी केंद्र माणसांनी भरलेलं. तिथे तोंडात साखर. घरी आला तो दार लावून आम्हाला समोर बसवलं आणि शाळामास्तरासारखा शिकवायला लागला. "पोलीस येतीन. आपल्या घरी कोनी काई पेलं नाई. जवाई आले, जेवले, ताक पेले, गेले. मोटरसायकलवाला राँग साइडनं आला. समजलं?" बाबा म्हणाले, "घराच्या इज्जतीचा सवाल हाये."

इज्जत! वर बाटली उघडली तेव्हा ती कुठे गेली होती? बाटल्या तर बंडूने सोमवारीच बाळापूरच्या वावरातल्या बुजल्या विहिरीत नेऊन टाकल्या. मला त्यानेच सांगितलं. हुशारी म्हणून सांगितलं!

जेवणं झाल्यावर जावयांचा फोन — मला! आवाज कसा लोण्यासारखा. "वहिनी, किल्लीचं कुठे बोलू नका. आणि ग्लास तुम्हीच पाठवले होते, हेही लक्षात असू द्या." पाठवले होते. हाक आली की पाठवायचे, विचार करायचा नाही, अशी नऊ वर्षांची सवय. मीही त्याच गच्चीचा एक जिना झाले आहे.

सासूबाईंचं आता नवीनच निघालं आहे. "त्या डब्यातली दाळ नोको शिजवू," म्हणाल्या. वेगळी डाळ मागवून ठेवली आहे. आता सोवळं! या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना उलटून बोलले — "किल्लीला कुंकू लावताना नाही सुचलं हे?" त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि तो फळीवर मागे सरकवला. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

१३ जून, शनिवार

पोलीस येऊन गेले. एक साहेब आणि एक लेडी कॉन्स्टेबल. मी चहा केला.

बंडूने धडा घडाघडा म्हटला. बाबांनी देवघराकडे हात केला — "साहेब, अधिक महिन्यात आमच्या घरात दारू? हा दिवा पाहा!" सासूबाई आतल्या खोलीत निजून होत्या. त्यांचं बीपी वाढलंय, उठवू नका, असं बंडूने आधीच सांगून टाकलं. मग ती कॉन्स्टेबल माझ्याकडे वळली. "ताई, पाहुणे निघाले तेव्हा कसे होते? तुम्ही काय पाहिलं?"

मी काय पाहिलं! सगळं मीच तर पाहिलं होतं. बंडू बशीतला चहा तसाच धरून माझ्याकडे बघत होता. जावयाचा तो लोण्यासारखा आवाज कानात होता.

"मी स्वयंपाकघरात होते. मला काही माहीत नाही."

सही केली. सही चांगली आली, हात हललासुद्धा नाही. ते गेल्यावर बंडू म्हणाला, "शाब्बास!" लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकाला नाही, माझ्या बीएडच्या निकालाला नाही, पहिलं शाब्बास याला!

माहेरी, तिवशाला आईला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी रागावेल. म्हणाली, "बरं केलं बाई. तुले त्याच घरात राहाचं हाये." मग पाऊसपाण्याचं बोलत बसली.

या घरात सगळे खोटे आणि मी तेवढी खरी, असं आठवडाभर मनात म्हणत होते. ते आता म्हणता येणार नाही.

१५ जून, सोमवार

अधिक महिना संपला. सासूबाईंनी देवापुढचा दिवा निवू दिला, वात काढली, समई घासून फळीवर ठेवून दिली. मग माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"त्या बाईचं नाव काय होतं वं?"

"कोणत्या बाईचं?" समजूनही विचारलं.

"मेली तिचं."

बेबीताई, म्हटलं. त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. त्या दिवसापासून या घरात हे नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं, मीही नाही. मग विचारलं, "मूर्तिजापूरची यष्टी सकाळी भेटते काय?"

जावयाचा वकील मूर्तिजापूरचाच आहे. त्याचे पाय धरायला निघाल्या असतील! परातीत पाय धुऊन मन भरलं नाही. स्टँडवर विचारा, म्हटलं, आणि कणीक मळत राहिले.

१६ जून, मंगळवार

गोपालचा पाय कापावा लागला. बंडूने पेपर वाचला, घडी घातली आणि विचारलं, "नाश्ता काय हाये?"

१७ जून, बुधवार

सासूबाई सकाळीच कुणाला न सांगता गेल्या होत्या. आत्ता मूर्तिजापूरच्या ठाण्यातून फोन आला, त्याच कॉन्स्टेबलचा. "तुमच्या सासूबाई इथे बसल्यात. त्यांनी जबाब दिलाय. म्हणाल्या, 'जवाई पेलेले होते, मले दिसत होतं. सुनेनं किल्ली दाळीच्या डब्यात लपवली होती. घरात तेवढी एकच शहानी. म्या तिच्यापासून काढून घेतली अन् कुंकू लावून देली.' — पण ताई, तुमच्या जबाबात तर तुम्हाला काहीच माहीत नाही! एकदा येऊन जाल का?"

बंडू दुकान टाकून धावत आला. "म्हातारीले भरम झाला म्हन. येवढंच म्हन, सगळे सुटतीन!" गाडीची किल्ली घेऊन दारात उभा आहे, मी नेतो म्हणतो. वाटेत शिकवायला.

मी यष्टीने जाते. चपला घातल्या आहेत. स्टीलच्या ग्लासांपासून सांगायला सुरुवात करीन.