आमच्यात कुणालाच न्हाई

आई, सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. मधेच चहा उतू गेला, ओटा पुसला, परत बसले. तू गेलीस तेव्हा मी परकर-पोलक्यात होते, आता माझी पोरगी कॉलेजात आहे. आणि मी काय काम करते, हे तुला कसं सांगू? गावोगाव फिरून लोकांचं रक्त गोळा करते. मन खचण्याचा आजार काही घरांत पिढ्यान् पिढ्या का दिसतो, रक्तातून त्याचा कोणता धोका पुढे येतो, हे शोधणाऱ्या डॉक्टरांसाठी. आमचे सर म्हणतात, एकच एक कारण सापडायचं नाही. कालवणातल्या मीठ-मसाल्यासारखे बारीक बारीक धोके पुष्कळ असतात, आणि वर आयुष्याचा जाळ. मला पटतं. तरी रक्ताची नळी हातात आली की तुझीच आठवण येते.

रक्त घेण्याआधी विचारावं लागतं, घरात कुणाला असा त्रास होता का? परवा नेकनूरला एक आजोबा बायकोकडे बोट करून ताडकन म्हणाले, "आमच्यात कुणालाच न्हाई. ही सांगंल तिच्या माहेरचं, पर ते काय आमचं घर हाय का?" सगळीकडे हेच. साखरेचा आजार मोकळेपणाने सांगतात, हा मात्र बायकोच्या माहेरी ढकलून मोकळे होतात. मला राग येतो आणि हसूही येतं.

मग आपलं आष्टीकडचं घर दिसतं. तू चुलीपुढे बसली आहेस. तव्यावर भाकरी करपते आहे, तू तिच्याकडेच बघते आहेस, पण उलटत नाहीस. आत्या दारातून ओरडते, "का गं बसलीस अशी? आळस लई हाय हिच्या अंगात!" आणि एखाद्या सकाळी अचानक उठायचीस, धपाटे करायचीस, माझ्या केसांना तेल चोळता चोळता हसायचीस. सगळे म्हणतात, तू तापाने गेलीस. ताप होताच, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तू आमच्यातून उठून जात होतीस.

आता पोरगी तशी बसते. ताट पुढे, घास तसाच. या आठवड्यात तिला बीडला डॉक्टरांकडे नेलं. मी जगाला विचारते तोच प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला. तुझे जावई माणूस चांगले, पण उत्तर द्यायची घाई फार. लगेच म्हणाले, "आमच्यात कुणालाच नाही." पोरीची सोयरीक, भावकी, खाण तशी माती म्हणणारी तोंडं, सगळं डोक्यात फिरून गेलं. आणि मी म्हणाले, "आहे. माझ्या आईला होता हा त्रास."

हे दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, ते तुझं माहेर झालं."

"पोरीचं आजोळ आहे ते," मी म्हटलं.

पोरीने कितीतरी दिवसांनी मान वर केली. "आजीला पण असंच व्हायचं? मग मी आळशी न्हाई ना, मम्मी?"

तिला आळशी कोण म्हणालं, ते मी विचारलं नाही. जवळ घेतलं.

गोळ्या सुरू झाल्यात. पुढचं कोण सांगणार, मला भीती वाटते. हे पत्र टाकायचं तरी कुठे? राहील असंच उशीखाली. पण एक कबूल करते. "नाही गं बाई, तू आळशी नाहीस," असं तिला म्हणाले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती नव्हती. चुलीपुढे तू होतीस.