कपाटातलं सरकार

जबल अली, दुबई, ९ फेब्रुवारी

ती. हेमाताईस, सा. न. वि. वि.

व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणं इथल्या कायद्यात बसत नाही, साधा फोन परवडत नाही, म्हणून माझ्या खोलीतल्या हमीदच्या हाती हे पत्र. तो सुट्टीवर गावी निघालाय. माझा पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात!

मागितला तर म्हणतो, कंपनीचा नियम. कंपनी कागदावर कुठल्याशा बेटावरची. ते बेट मॅनेजरच्या बापानं पाहिलेलं नाही. इथल्या कामगार कचेरीत तक्रारीला गेलो. तिथला म्हणाला, तुझं गोदाम फ्री झोनमध्ये, तिथले नियम वेगळे, तिकडे विचार. तिकडचा म्हणाला, करार मुंबईत झालाय. मुंबईचा एजंट हसला, म्हणे परदेशात आमचं कोण ऐकतंय? आमच्या गोदामातल्या टाइल्स चार देश फिरतात, कोणी हटकत नाही. त्यांना मामा व्हायचं नसतं ना!

तनिषचं जावळ माझ्याच मांडीवर. त्याचं पहिलं वर्ष भरायच्या आत येतो, इन्शाल्ला. दाजींना नमस्कार, भाच्याला पापा. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा रोशन

गुहागर, २ मार्च

चि. रोशनला अनेक आशीर्वाद.

तुझा भाचा केसांच्या पडद्याआडून जग बघतो. बाजारात बायका विचारतात, मुलीचं नाव काय ठेवलं? सासूबाई म्हणतात, जावळ मामाच्याच मांडीवर हवं; तो येत नसेल तर शेजारच्या रामेश्वरला मामा माना नि त्याच्या मांडीवर बसवा. मी ऐकत नाही.

ह्यांचा पासपोर्ट उघडून पाहिला. आत छापलंय, ही भारत सरकारची मालमत्ता. मग तू कशाला भांडतोस, येड्या? सरकारला जाऊन सांग, तुमची वस्तू कोंडलीय. शाळा सोडलीस, अक्कल नाही ना सोडलीस?

वाट पाहतेय. माया तीच, राग नवा.

तुझी ताई

जबल अली, ३० मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

गेलो गं आपल्या सरकारी ऑफिसात. साहेब खूश झाले. म्हणाले, बरोबर, पासपोर्ट आमचाच. पण कपाट आमच्या हद्दीत नाही. खलास! सरकार स्वतःच कपाटात अडकलंय, ते मला काय सोडवणार?

सासूबाईंपुढे मात्र हात जोडले. गुहागरात बसून केलेला कायदा जबल अलीतल्या माझ्या मांडीला लागू! एवढी हद्द कुठल्या सरकारची आहे?

आता जावळ तिसऱ्या वर्षापर्यंत लांबवू नकोस. पोराला दिसू दे. रामेश्वर नको. पूजेत बायको नसली की सुपारी ठेवतात ना, तशी माझ्या जागी ठेव. दाजींच्या मांडीवर बसव, सुपारी शेजारी. चांगली टणक बघ, आणि तिला माझं नाव सांग.

तिला पासपोर्ट लागत नाही.

तिच्यावरही माझ्याइतकाच जीव लाव.

तुझा रोशन