कौतुकाला साक्षीदार

सोमवार, २ जून
प्रमोदिनी सिस्टरांच्या पर्समध्ये राजीनामा तयार आहे. त्यांनीच दाखवला. म्हणाल्या, बारा वर्षं फक्त चुका ऐकल्या, आता पुरे. शनिवारी मेट्रनच्या हातात ठेवणार. त्या गेल्यावर शीर न सापडणाऱ्या पेशंटला सलाईन कोण लावणार? मी? मला तर ठसठशीत शीरही दोनदा टोचावी लागते.
ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं, सहकाऱ्यांनी एकमेकांचं कौतुक केलं की थकवा उतरतो. ठरलं. वॉर्डात कौतुकाचा डबा.
मला स्वतःला थकवा नाही. सकाळी पायांत दोन वेगळ्या चपला निघाल्या, पण ती घाई.

मंगळवार, दुपार
श्रीखंडाचा डबा धुऊन झाकणाला चीर पाडली. खोटं कौतुक चालणार नाही. पप्पा ठाण्याच्या कोर्टात क्लार्क. शाळेत घालायच्या आधीच त्यांनी घरी शिकवलं, तारीख, वेळ आणि साक्षीदार नसेल तर बोलू नये. चिठ्ठ्यांवर तिन्ही रकाने आखले.

बुधवार
चिठ्ठ्या शून्य. लोक लाजतात. सुरुवात मीच केली. वॉर्डातल्या आया ठमामावशींनी बेड सातच्या आजोबांना घरून आणलेलं कालवण भरवलं. वेळ सव्वाबारा. साक्षीदार बेड आठ. सही मागितली तर ते घाबरले, म्हणे आपण झोपलेलो. शेवटी आजोबांनीच सही केली. चिठ्ठी नोटीस बोर्डावर लावली.

गुरुवार
बोर्ड सगळे वाचतात. यश! मेट्रननेही वाचला. बाहेरचं जेवण दिलं म्हणून मावशींना मेमो. मावशी म्हणाल्या, बाय गो, शिव्या दे, पण कौतुक नको करूस.
सुधारणा : उद्यापासून नियमात बसणारंच कौतुक.

शुक्रवार
प्रमोदिनी सिस्टर काल ड्युटी संपल्यावरही दोन तास एका पेशंटच्या आईजवळ बसल्या. यात गैर काय? चिठ्ठी लावली. मेट्रनने विचारलं, पंच आउट करून दोन तास कोणाच्या परवानगीने? मेमो हातात, लेखी खुलासा द्या.
सिस्टरांना म्हटलं, तारीख-वेळ तरी बरोबर होती. त्या खुलासा लिहायला बसल्या.
साडेचारला मेट्रनला सांगून आले, पुरावा मी दिला, मेमो मला द्या. ते नियमालाच धरून होतं.
नयन ब्रदर विचारत होता, माझ्यावर नाही ना काही लिहिलंस? हल्ली मी दिसले की सगळे चांगलं वागायचं थांबतात. चहात मीठ कोणी टाकलं कळेना. चहा मीच केलेला.

शनिवार, ७ जून, सकाळ
डबा हलवला तर आत चिठ्ठी! सिस्टरांचं अक्षर. ‘६ जून, साडेचार. मेघनाने माझा मेमो स्वतःवर मागून घेतला. साक्षीदार : मेट्रन.’ मागे लिहिलेलं, ‘राजीनामा तूर्त पर्समध्येच. आधी तुला शीर शोधायला शिकवते. डबा बंद कर, बाई.’
म्हणजे योजना शंभर टक्के यशस्वी.
ड्युटी सुरू व्हायच्या आत मेट्रनकडे साक्षीची सही घ्यायला धावले. त्यांनी निमूट सही केली आणि माझा दोन दिवसांच्या रजेचा अर्ज पुढे सरकवला. स्वतःच भरलेला. कारण : थकवा.
मी विचारलं, पुरावा?
त्यांनी ठमामावशींना साक्षीला बोलावलं आणि माझ्या पायांकडे बोट दाखवलं.
डावी माझी होती. उजवी पप्पांची.