सुटली म्हण

आंबेगाव, पुणे
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. श्रद्धा हिला रतनवहिनीचे आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. इकडे थंडी पडायला लागली आहे, पण तुमच्या कॅलगरीच्या बर्फापुढे तिचं काय कौतुक सांगायचं. यांचा गुडघा बरा आहे. जिना चढताना कुरकुरतात, उतरताना नाही. आमचा योगेश दिवाळीला नाशिकहून दोन दिवस येऊन गेला. चकल्या या वर्षी बिघडल्या. सवयीने भाजणी दोन घरांची केली आणि मग तळताना लक्ष लागलं नाही.

पत्र बघून तुला नवल वाटेल. पण फोनवर तुम्ही स्पीकर लावता. तेजस जेवत असतो, तू भांडी लावत असतेस आणि पूर्वा कुठेतरी मागे असते. मला जे सांगायचं आहे ते तिच्या कानावर जायला नको. टाइप करायचं म्हटलं तर माझं एक वाक्य अर्ध्या तासाचं असतं. म्हणून कागदावर लिहिते आहे, आणि पानांचे फोटो तुझ्या एकटीच्या नंबरवर पाठवते. पूर्वा शाळेत असेल तेव्हा वाच.

नव्या घराचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. घर छान आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, विजेच्या शेगड्या, कपड्यांचं मशीन चक्क कपाटात. बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी आहे हे ऐकून हे म्हणाले, "मग बाल्कनी कशाला दिली?" फोडणी दिली की छतावरचा भोंगा ओरडतो आणि तू टॉवेल हलवत पळतेस, त्याचं हसूही आलं. पूर्वाला वेगळी खोली मिळाली. खोलीत पलंग होता आणि पलंगावर पूर्वा आमच्याकडे पाठ करून बसली होती. तू म्हणालीस, "मोठीआईला हाय कर." तिने उशीत तोंड खुपसलं. तू हसलीस आणि फोन खिडकीकडे नेलास. लांबवर डोंगर दिसत होते. डोंगरही छान आहेत.

तू विचारलं आहेस, वहिनी सहा महिने येता का. डिसेंबरपासून तुझी नोकरी सुरू होणार. पूर्वा शाळेत तोंड उघडत नाही, डबा तसाच परत आणते. कागदपत्रं तेजस करेल, मी फक्त हो म्हणायचं. उत्तर देते, पण आधी आपल्या दोन घरांमधल्या दाराचं ऐक.

दार काल बंद झालं. तुमचे भाडेकरू पंधरा तारखेला येतात आणि तुझा निरोप होताच की दाराचं काय ते बघून घ्या. बघून घेतलं. जावेद मिस्त्री गवंड्याला घेऊन आले. आठ वर्षांपूर्वी भिंत फोडून चौकट बसवणारे तेच, म्हणून बुजवायलाही त्यांनाच बोलावलं. दुसऱ्या कुणाला त्या भिंतीला हात लावू द्यावासा वाटला नाही.

आठवतं ना, चौकट बसवून झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, "कडी कोणत्या बाजूला लावू?" मी यांच्याकडे पाहिलं, हे तेजसकडे पाहायला लागले. आणि तू, घरात येऊन वर्ष झालेली सून, पटकन म्हणालीस, "कुठल्याच नको. कडीच लावायची तर भिंत काय वाईट होती?" त्या दिवशी तू मला फार आवडलीस. जाऊ म्हणून आलेली मुलगी मैत्रीण होईल असं तेव्हा वाटलं, आणि झालीही. तू हिंजवडीच्या बसला सकाळी सात वाजता पळायचीस आणि पूर्वा झोपेतच उशी घेऊन त्या दारातून माझ्या अंथरुणात यायची. माझ्या हातची भाजी तुझ्या कढईत आणि तुझी कढई माझ्या ओट्यावर. कुठलं भांडं कुणाचं हे आपल्याला कधी सांगता आलं नाही.

या मे महिन्यात एक दिवस मी दार ढकललं तर ते उघडलं नाही. तुझ्या बाजूने पितळी कडी लागली होती. तू म्हणालीस, ऑफिसचे कॉल असतात, पूर्वा मध्येच धावत येते. मी मान डोलावली. त्यानंतर मी दार वाजवायला लागले. आपल्याच घरचं दार वाजवताना हात किती अवघडतो ते मला तेव्हा कळलं. एकट्या पूर्वालाच तिची अडचण नव्हती. ती स्टुलावर चढून कडी काढायची.

काल जावेदभाईंनी कडीचे स्क्रू काढले आणि म्हणाले, "वहिनी, ही काही मी लावलेली नाही."

"माहीत आहे," म्हटलं.

 शहाणा माणूस आहे. कडी ओट्यावर ठेवली आणि कामाला लागले.

तुम्ही सांगितलं होतंत, कंपनी तेजसला तीन महिन्यांसाठी पाठवते आहे, आम्हीही फिरून येतो, दिवाळीला परत. यांनी कात्रजच्या दुधाच्या दोन पिशव्या कमी केल्या, तेही दूधवाल्याला बजावून की दिवाळीनंतर परत सुरू कर. मग सप्टेंबरात तेजसचा फोन आला की आम्ही आता इथेच राहणार, कागद दोन वर्षांपासून चालू होते. फोन ठेवल्यावर हे बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "काहून सांगितलं नाही त्यानं? मी नाही म्हटलं असतं का?" आम्हाला वर्धा सोडून तीस वर्षं होतील. यांच्या तोंडून 'काहून' मी कित्येक वर्षांनी ऐकलं. तेरा वर्षांच्या तेजसला यांनी पुण्यात आणलं, शिकवलं. उपकार म्हणून मी हे काढत नाही. या माणसाने भावाला कधी कशाला नाही म्हटलेलं नाही, एवढंच सांगते आहे.

तू म्हणालीस, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून लपवलं. आमच्या त्रासाची इतकी काळजी घेणारी माणसं आम्हाला मिळाली, हे आमचं भाग्य. खरं मी सांगू का? आम्हाला कळलं असतं तर घरात रडारड झाली असती, चार प्रश्न आले असते, आणि शेवटच्या दिवसापर्यंत पूर्वाला सांभाळणारं, गरम पोळी वाढणारं घर तुम्हाला तसंच हवं होतं. वापरून झालं की दार बंद करायचं, तोपर्यंत कडीवर भागवायचं. हे लिहिलं आहे, आता खोडत नाही.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. मला सगळं आधीच माहीत होतं. तुम्ही निघालात त्याच्या पंधरा दिवस आधीपासून.

एक दुपार होती. तू ऑफिसात होतीस. पूर्वा दप्तर ओढत दारातून आली. दप्तरात पुस्तकं नव्हती, तिचं छोटं पोळपाट-लाटणं, रंगांची पेटी आणि तो एका डोळ्याचा हत्ती होता. म्हणाली, "हे तुझ्या कपाटात ठेव. आपल्या घरात दुसरे लोक राहायला येणार, ते टाकून देतील."

मी विचारलं, "तू तर दिवाळीला येणार ना गं?"

ती खाली बघायला लागली. मग रडायलाच लागली. सहा वर्षांची पोर, पण आवाज न करता रडत होती. हे तिला कुणी शिकवलं? हुंदके देत म्हणाली, "आईने तुझी शपथ घातली आहे. सांगितलं तर तू मरशील. मी सांगितलं."

श्रद्धा, तू तिला माझी शपथ घातलीस. गप्प बसायला सांगायचं तर चॉकलेट देता आलं असतं, रागावता आलं असतं. माझाच जीव तिच्या ओंजळीत दिलास आणि म्हणालीस, तोंड उघडलंस तर हा सांडेल. आणि रोज सकाळी तिला माझ्याकडे पाठवत राहिलीस. तुम्ही देश सोडलात, घर सोडलंत, आमच्याशी खोटं बोललात, हे सगळं मी कधीतरी गिळेन. हे गिळता येत नाही.

मी तिला मांडीवर घेतलं. म्हटलं, "मला काही होत नाही. शपथ सुटली." तिने मान हलवली. "तू नाही म्हणायचं. ज्याने घातली त्यानेच सुटली म्हणायचं असतं." शाळेतल्या पोरींनी तिला नियम पक्का शिकवला होता. वर माझ्याकडून वचन घेतलं की आईला सांगायचं नाही. मी ते दिलं.

म्हणून मी पंधरा दिवस गप्प होते. यांनाही सांगितलं नाही. बोलले असते तर तू पहिली तिच्याकडे वळली असतीस की कुणी सांगितलं. पण कारण तेवढंच नव्हतं. मी वाट पाहत होते. रोज वाटायचं, आज श्रद्धा दार उघडून येईल, कढई ठेवायच्या निमित्ताने येईल, ओट्याला टेकून म्हणेल, वहिनी, एक सांगायचं आहे. निघताना तुझ्या हातावर दही ठेवलं तेव्हा तू मान खाली घातलीस. तुला वाटलं असेल, यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नाही. तेव्हासुद्धा मी थांबले होते. खाली गाडीचं दार लागेपर्यंत थांबले होते.

मुलं विसरतात अशी मी समजूत घातली होती. पण परवाच्या तुझ्या मेसेजमध्ये तू लिहिलंस, पूर्वा रोज सकाळी उठल्या उठल्या विचारते, मोठीआई आजारी आहे का? मोठीआईचा फोन आला का? आणि पुढे लाल बदाम टाकून म्हटलंस, बघा तुमच्यावर किती जीव आहे तिचा. तो मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचला. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं.

जीव आहेच. पण ती मी अजून आहे का हे विचारते. तीन महिने रोज सकाळी ती मी गेल्याच्या बातमीची वाट पाहते आहे, आणि ती बातमी तिच्यामुळे येणार असं तिला वाटतं. म्हणून ती स्क्रीनकडे बघत नाही. म्हणून शाळेत बोलत नाही. एकदा बोलली तर काय झालं हे तिला ठाऊक आहे.

तिला दिलेलं वचन मी आज मोडलं. त्याबद्दल मी तिची माफी मागेन, तुझी नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी आत्ता येणार नाही. मी आले तर ती जेवेल, माझ्या कुशीत झोपेल, तुझी नोकरी सुरळीत सुरू होईल, आणि तिच्या मनातलं तसंच राहील, फक्त झाकलं जाईल. ते काढणं माझ्या हातात नाही. मी म्हणून पाहिलं, तिने ऐकलं नाही. घातली तू आहेस.

तेव्हा एवढं कर. हे वाचशील त्या दिवशी ती शाळेतून आली की बूट काढायच्या आधी तिच्यासमोर खाली बस. फोन बाजूला ठेव. तिला सांग, मोठीआईला सांगितलंस ते बरोबर केलंस, चूक माझी होती. आणि म्हण, सुटली. तिला ऐकू जाईल असं म्हण. एकदा म्हणून ती मानणार नाही, मग पुन्हा म्हण. ओरडू नकोस आणि रडून तिला घाबरवू नकोस. त्यानंतर तिने आपण होऊन मला फोन केला आणि ये म्हणाली, तर मी येईन. तिच्या खोलीत झोपेन.

तुझ्या-माझ्यातलं आहे तसं राहू दे. मला कुणी शपथ घातलेली नाही, त्यामुळे माझं काही सुटायचं नाही.

हे पत्र पाठवायच्या आधी यांना वाचून दाखवणार आहे. मीही त्यांच्यापासून तीन महिने लपवलं, तेव्हा मला काय बोलायचं ते तेही बोलतील. हत्ती आणि पोळपाट माझ्या कपाटात आहेत. कडी अजून ओट्यावरच पडली आहे.

कळावे. पुढे लोभ असावा असं लिहायचा रिवाज आहे, या वेळी हात तिथे थांबतो. मी जिवंत आहे आणि ठणठणीत आहे, तेवढं आधी तिला सांग.

पूर्वाची मोठीआई,
रतन