चिठ्ठी न बांधलेली वायर

प्रिय धाकट्या,

अकरा महिन्यांत तुझ्या दारावरून कितीदा गेलो, पण बेल दाबायला हात वर गेला नाही. मधे चारच घरं, आणि दादा पत्र लिहितोय, म्हणून हसशील. हस. तोंडानं बोलायला लागलो की माझं अर्धं राहून जातं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

आधी बातमी. घरी जनरेटर बसवतोय. गेल्या महिन्यात एका दुपारी वीज गेली ती पाच तास आली नाही. तुझ्या वहिनीचं श्वासाचं मशीन बंद पडलं, म्हणून सिलिंडर लावला. त्याचा काटा लाल पट्ट्यात उतरला तेव्हा ती उशीला टेकून मलाच खुणेनं सांगत होती, घाबरू नका. काटा तळाला टेकायच्या आत वीज आली, पण मी त्याच दिवशी ठरवलं, आता पुरे. जनरेटरचं नाव काढलं की ती तोंड फिरवते. का, ते तुला सांगायला नको. या वेळी मात्र मी तिचं ऐकलं नाही.

इलेक्ट्रिशियन मिळवताना नाकी नऊ आले. येईल त्याला मी एकच विचारायचो, जनरेटर घराला जोडणार कसा? पहिला म्हणाला, "काका, त्यात काय एवढं? वायरीला दोन्हीकडे प्लग लावायचे. एक जनरेटरला, एक भिंतीतल्या सॉकेटला. अर्ध्या तासात घर झगमग!" त्याला मी पाणीसुद्धा न विचारता दार दाखवलं. दुसरा जरा सावध होता, पण फिरून तिथंच आला. वर म्हणाला, "मेन बंद करायचं तेवढं लक्षात ठेवा, झालं." तिसऱ्यानं फोनवरच माझे प्रश्न ऐकले आणि असली गिऱ्हाइकं आपल्याला झेपत नाहीत म्हणून ठेवून दिला. मग एक बाई आली. चाळिशीची, खिशात टेस्टर, बोलायला फटकळ. तिनं आधी मीटर पाहिला, मग रस्त्यावर जाऊन खांब पाहिला, आणि परत येऊन उलट मलाच विचारलं, "काका, तुमच्या जनरेटरची वीज त्या खांबावर जाऊ नये म्हणून काय करायचं ठरवलंय?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ती म्हणाली, "लक्षात ठेवायचं काम माणसावर सोडायचं नाही. माणूस विसरतो. मी रोज दूध उतू घालवते." मी काम तिलाच दिलं.

मागच्या भिंतीपासून लांब, खिडक्यांपासून दूर चौथरा बांधलाय, म्हणजे धूर घरात यायचा नाही. अर्थिंगची सळई जमिनीत जाईना, तर तिनं घण माझ्या हातात दिला. "रिटायर तुम्ही झालात काका, हात नाही झाले." मीटरशेजारी एक लोखंडी पेटी बसवलीय. तिला एकच दांडा. वर केला की बाहेरची वीज, खाली केला की जनरेटर, मधे ठेवला की दोन्ही बंद. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. माझा विश्वास बसेना. मी दांडा इतक्या वेळा वरखाली केला की ती म्हणाली, "मोडेल, पण दोन्हीकडे लागणार नाही. आता सोडा बिचाऱ्याला."

काम संपल्यावर मी सवयीनं पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधायला घेतल्या. मशीनची वायर, फ्रिजची वायर, दोन दिव्यांची. कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस, कपाटाच्या किल्लीलाही चिठ्ठी बांधतो. एक दिवस दादा वहिनीलाही चिठ्ठी बांधेल, असं तू चिडवायचास. बाईही हसली. "घर आहे की गोदाम? यातून एखादी वस्तू सुटली तरी आहे का?" तिनं सहज विचारलं होतं. मी खुर्चीवर बसलो आणि त्या परक्या बाईला सगळं सांगून टाकलं. म्हणजे तुझ्याआधी तिला कळलं. याबद्दल तू माझ्यावर चिडलास तर तो तुझा हक्क आहे.

सुटलेली वस्तू एकच. आईच्या आजारपणात मी बनवलेली ती वायर, दोन्ही टोकांना प्लग असलेली. तू तिचं नाव दुतोंडी ठेवलं होतंस. मी दर वेळी आधी मेन बंद करायचो, मगच ती लावायचो. वापरणारा मी एकटा, म्हणून चिठ्ठी बांधली नाही. आई गेल्यावर जनरेटर तुझ्याकडे गेला, तेव्हा वायरही दिली. तेव्हाही चिठ्ठी बांधली नाही आणि तोंडानंही सांगितलं नाही. घरच्या माणसाला काय सांगायचं, असं वाटलं असेल. खरं म्हणजे काहीच वाटलं नव्हतं.

वादळानंतर दोन दिवस वीज नव्हती. सिलिंडर संपला, वहिनीचे ओठ निळे पडले, आणि तू तिला लहान मुलासारखी उचलून मशीनसकट तुझ्या घरी नेलंस. दुतोंडी भिंतीला लावलीस. तिचा श्वास परत आला. गल्लीच्या टोकाला आपला लाइनमन पोरगा तुटलेल्या तारा जोडायला खांबावर होता. चढण्याआधी त्यानं लाइन तपासली होती, ती मेलेली होती. त्याचे सोबतीही तेच सांगतात. दुतोंडीची वीज मीटरमधून उलटी खांबावर गेली ती तो वर चढल्यावर, आणि आपला पोरगा गेला. तो त्याच्या कामात चुकला नाही. तूही चुकला नाहीस. मेन बंद करायचा असतो, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. झाडावर कसं चढायचं ते तूच त्याला शिकवलंस. पोरगा जमिनीवर कमी आणि काकाच्या खांद्यावर जास्त असायचा.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी ती वायर टेबलावर ठेवली आणि विचारलं, ही कुणी बनवली? तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "मीच." मी दारात उभा होतो. प्लगपाशी गुंडाळलेल्या चिकटटेपचा शेवट दुमडून ठेवायची सवय आपल्या घरात फक्त मला आहे. तो दुमडलेला कोपरा मला दारातून दिसत होता. मी गप्प राहिलो. नंतर लोक तुला नको नको ते बोलले, तेव्हाही गप्प राहिलो. बापाचं दुःख आहे म्हणून मला कुणी काही विचारलं नाही. दुःख होतंच रे. पण त्याच्या आडोशाला मी लपलो.

परवा हे सगळं तुझ्या वहिनीला सांगितलं. तिनं नाकातली नळी बाजूला केली आणि म्हणाली, "मला काय सांगता? भाऊजींना सांगा." एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. म्हणून काल सकाळी चौकशीच्या कार्यालयात गेलो आणि लिहून दिलं की वायर मी बनवली, ती लावण्याआधी काय करायचं ते मी सांगितलं नाही, आणि माझ्या भावानं माझा दोष स्वतःवर घेतला. पोच सोबत जोडलीय. पुढं जे होईल ते होईल, मी तयार आहे. आज सकाळी वहिनी पलंगावरून उठली, नळी ओढत पेटीपर्यंत आली आणि तो दांडा बराच वेळ बघत राहिली. तिनं हात लावला नाही. म्हणाली, पहिल्यांदा हे भाऊजीच चालू करतील, नाहीतर मला ते नको. तिला तू ओळखतोस, म्हणाली ते करेल. शनिवारी अकरा वाजता बाई येऊन चाचणीसाठी बाहेरची वीज तोडणार आहे, तेवढ्यापुरता वहिनीचा सिलिंडर भरून ठेवलाय. दांडा मधे उभा करून ठेवतो. दार सकाळपासून उघडं ठेवतो, म्हणजे बेलपर्यंत हात न्यायची वेळ तुझ्यावर यायची नाही.

तुझाच,
दादा