ओढणी कोणाची

मंगळवार, संध्याकाळ

हथखोजच्या कारखाना भागात ट्रकनं एका कुत्र्याचा पाय चिरडला. जखमी जनावरं वाचवणाऱ्या आमच्या तीन संस्थांचा नियम मीच केला होता: जो आधी पोचेल, फोटोत त्याचं बॅनर. आज मी अन् दुसऱ्या संस्थेचे साहूजी संगंच पोचलो, अन् रस्त्यातच भांडत बसलो. एक कामगार बाई कुत्र्याच्या पायाले आपली ओढणी बांधून, दोन्ही हातांनी दाबून बसली होती. म्हणाली, "दादा, बॅनर मंग लावा. याले आधी उचला ना!"

तरी मी फोटो काढलाच.

कुत्रं वाचलं. ग्रुपवर टाकताना तिचे हात मधात येत होते, मी फोटोतून कापले. ओढणी राहिली. कोणी विचारलं, "पट्टी कोणी बांधली?" मी लिहिलं, "आपल्या टीमनं."

ओढणी माझ्याच गाडीत आहे, रक्तानं कडक झालेली. परत करू तर कोणाले? नावही नाही विचारलं मी.